क्लिंगॉनांचें कपाळ

१९७९ च्या डिसेंबरच्या ७ तारखेस अमेरिकेंत ‘स्टार ट्रेक’ या नांवाचा चित्रपट प्रदर्शित झाला. तो पाहण्यास जे लोक गर्दी करून आले होते, त्यांनीं त्याच कथेचे जुने भाग दूरचित्रवाणीवर इतक्या वेळां पाहिले होते कीं, पुष्कळांना त्यांतील संवाद मुखोद्गत होते. चित्रपटगृहांतील दिवे मालवले. पडद्यावर तीन युद्धनौका अवकाशांतून संथपणें पुढें येतांना दिसल्या, आणि त्यांची घडण पाहतांच त्या क्लिंगॉन नांवाच्या शत्रुजातीच्या आहेत, हें जाणत्यांनीं ओळखलें. नंतर आंतील कप्तानाचा चेहरा दिसला. तो मात्र कोणाच्याच ओळखीचा नव्हता. जुने क्लिंगॉन म्हणजे तोंडाला गडद ताम्रवर्णी रंग फासलेलीं, दाट भुवयांचीं, दाढी-मिशा लावलेलीं साधीं माणसें होतीं. या नव्या कप्तानाच्या कपाळावर भुवयांच्या मधून थेट माथ्यापर्यंत, पाठीच्या कण्याचे मणके वर चढत जावे तशी हाडांची एक उंच ओळ होती. तिच्याविषयीं कथेंतील एकाही पात्रानें चकार शब्द काढला नाहीं. कथा पुढें निघून गेली; परंतु प्रेक्षकांपैकीं अनेकांचें मन त्या कपाळापाशींच अडकून पडलें, आणि तेथून जो वाद उपस्थित झाला तो पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ या ना त्या रूपानें चालूच राहिला.

रबराच्या एका तुकड्यापायीं सुशिक्षित, संसारी माणसांनीं इतकीं वर्षें वाद घालावा, हें प्रथमदर्शनीं पोरकटपणाचें वाटेल. तथापि वाद रबराचा नव्हताच. एखादी कथा वर्षानुवर्षें मनोभावें ऐकणाऱ्यानें तिच्यांतील ज्या गोष्टी ध्यानांत ठेवल्या, त्या ध्यानांत ठेवण्याला कांहीं किंमत आहे कीं नाहीं, हा त्यांतील खरा प्रश्न होता. आणि तो समजून घ्यावयाचा तर ही कथा लोकांच्या मनांत कशी रुजली, तें आधीं पाहिलें पाहिजे.

जीन रॉडनबेरी यांनीं निर्माण केलेली मूळ मालिका १९६६ च्या ८ सप्टेंबरला सुरू झाली. तेविसाव्या शतकांतील ‘एंटरप्राइज’ नांवाचें अंतराळयान, कर्क नांवाचा त्याचा कप्तान, स्पॉक हा त्याचा तर्कनिष्ठ सहकारी, आणि अज्ञात ग्रहांचा त्यांचा प्रवास, असें तिचें सूत्र होतें. पाहणाऱ्यांची संख्या बेताचीच होती. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती बंद पडणार अशी वार्ता पसरली, तेव्हां चाहत्यांनीं पत्रांचा वर्षाव केला आणि मालिकेस आणखी एक वर्ष मिळालें. १९६९ सालीं ७९ भाग झाल्यावर ती थांबली. येथवर विशेष असें कांहीं नाहीं. खरी मौज यानंतरची आहे. ठिकठिकाणच्या केंद्रांनीं तेच भाग विकत घेऊन ते ओळीनें दाखवावयास प्रारंभ केला. संपले कीं पुन्हां पहिल्यापासून. जी कथा आठवड्यांतून एकदां दिसावी आणि विसरली जावी अशा बेतानें घाईघाईनें रचलेली होती, ती अशा रीतीनें पोथीसारखी पारायणांत पडली. पोथी प्रथम वाचणारा कथेच्या ओघांत पुढें जातो. सातव्या पारायणाला त्यास पाठभेद दिसूं लागतात.

तसे पाठभेद या मालिकेंत भरपूर होते. अगदीं आरंभींच्या एका भागांत कर्कसाठीं तयार केलेल्या थडग्यावर त्याच्या नांवांतील मधलें अक्षर ‘आर’ असें कोरलेलें दिसतें. पुढें सर्वत्र तो ‘जेम्स टी. कर्क’ आहे. असल्या गोष्टी टिपून ठेवणारीं माणसें निघालीं. १९६९ सालींच बीजो ट्रिंबल या बाईंनीं मालिकेंतील पात्रें, ग्रह, यंत्रें यांची सूची प्रसिद्ध केली. १९७५ सालीं फ्रान्झ जोसेफ यांचें यानाच्या तपशीलवार आराखड्यांचें पुस्तक निघालें. १९७२ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें चाहत्यांचें संमेलन भरलें, तेव्हां कांहीं शें लोक येतील असा चालकांचा अंदाज होता. प्रत्यक्षांत हजारोंनीं आले. बंद पडलेल्या मालिकेला एव्हांना स्वतःचे शास्त्री-पंडित लाभले होते.

अर्थात् हा छंद ‘स्टार ट्रेक’नें नव्यानें शोधून काढलेला नव्हे. शेरलॉक होम्सच्या १८८७ मधील पहिल्या कथेंत डॉक्टर वॉटसनला गोळी खांद्यांत लागलेली आहे. १८९० मधील दुसऱ्या कथेंत ती जखम पायाला आहे. कॉनन डॉइल यांना त्याची खंत नव्हती, पण वाचकांना होती. आणि १९११ सालीं रोनाल्ड नॉक्स यांनीं ऑक्सफर्ड येथें एक निबंध वाचून, धर्मग्रंथांच्या टीकाकारांनीं वापरावयाची सारी गंभीर आयुधें थट्टेनें होम्सच्या कथांवर चालविलीं. महाराष्ट्रांतील पुराणिक-कीर्तनकारांना तर ही अडचण त्याहून जुनी. एकच आख्यान दोन पुराणांत दोन तऱ्हेनें आढळलें, कीं ‘हा कल्पभेद’ असें सांगून ते श्रोत्यांची शंका फेडीत: एक प्रकार एका कल्पांत घडला, दुसरा दुसऱ्या कल्पांत. ही युक्ति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढें अमेरिकन चित्रपटकर्त्यांनाही ती सुचल्याशिवाय राहिली नाहीं.

आतां १९७९ च्या त्याच चित्रपटांतील दुसऱ्या एका बदलाकडे पाहावें. केवळ कपाळच नव्हे, खुद्द एंटरप्राइज यानही त्यांत आमूलाग्र बदललें होतें. मॅट जेफरीज यांनीं १९६० च्या दशकांत आंखलेल्या यानाची ठेवण तीच राहिली, म्हणजे पुढें थाळी, खालीं लांबट पिंड, मागें दोन दंड. परंतु दंड चपटे झाले, त्यांचे आधार तिरपे झाले, सर्वांगावर नवें कांतकाम चढलें. हें यान चाहत्यांना किती प्रिय होतें, हें सांगावयास एकच गोष्ट पुरे. त्यांनीं लिहिलेल्या पत्रांमुळें अमेरिकेच्या पहिल्या अवकाश-विमानाचें ठरलेलें नांव बदलून १९७६ सालीं त्याला ‘एंटरप्राइज’ हें नांव देण्यांत आलें. अशा यानाचें रूप पालटलें तर केवढा गहजब व्हावयास हवा होता! पण झाला नाहीं. कारण चित्रपटांत यानाचा मुख्य यंत्रज्ञ स्पष्ट सांगतो, कीं गेले अठरा महिने यानाची फेररचना चालली होती. आणि कर्क जेव्हां तें नवें रूप प्रथम पाहतो, तेव्हां दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनीं कांहीं मिनिटें दुसरें कांहींच न दाखवितां त्याला आणि प्रेक्षकाला तें डोळे भरून पाहूं दिलें आहे. कित्येक टीकाकारांना हा प्रसंग कंटाळवाणा वाटला. तो तसा आहेही. परंतु त्यांत एक सौजन्य आहे: ‘तुम्हांस जुनें यान आठवतें, हें आम्हांस ठाऊक आहे,’ असें तो प्रसंग न बोलतां सांगतो. कपाळाच्या बाबतींत हें सौजन्य दाखविलें गेलें नाहीं. एकाच चित्रपटांतील एक बदल गोड मानून घेतला गेला आणि दुसरा पिढ्यान्‌पिढ्या बोचत राहिला, याचें कारण हेंच.

चाहत्यांत त्यावर दोन तट पडले. एका तटाचें म्हणणें असें कीं, रंगभूषा ही रंगभूषाच होय. १९६७ सालीं पैसा नव्हता, वेळ नव्हता. असता तर कपाळें पहिल्यापासूनच अशीं दिसलीं असतीं. नाटकांत राजवाड्याचा पडदा जुना झाला म्हणून नवा टांगला, तर राजानें घर बदललें असें कोणी मानीत नाहीं. स्वतः रॉडनबेरी यांचा कल याच मताकडे होता. क्लिंगॉन पूर्वींपासून असेच होते असें प्रेक्षकांनीं समजावें, अशी त्यांची अपेक्षा असल्याचें सांगतात. दुसऱ्या तटाचें उत्तर असें कीं, पडद्यावर जें दिसलें तेंच या जगाविषयींचें एकमेव प्रमाण होय. तें प्रमाण सोयीप्रमाणें रद्द करावयाचें ठरलें, तर उद्यां स्पॉकचे कान आणि परवां त्याचें मरणही रद्द होईल. मग लक्ष देऊन पाहावें तरी कशासाठीं?

येथें पहिल्या तटाच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी वादाच्या भरांत बहुधा राहून जाते. २३ मार्च १९६७ रोजीं ज्या भागांत क्लिंगॉन प्रथम आले, त्यांत त्यांचा सेनापति कॉर याची भूमिका जॉन कॉलिकॉस या नटानें केली. त्याच्या रूपामागें चेंगीझखानाची कल्पना होती, आणि क्लिंगॉनांच्या राजनीतींत त्या काळच्या रशियाची छाया होती. म्हणजे काळवंडलेला वर्ण आणि मोंगली मिशा दिसल्या कीं शत्रु समजावा, असा तो ढोबळ हिशेब. कॉलिकॉस यांनीं आपल्या अभिनयानें त्या भूमिकेला वजन आणलें, ही गोष्ट निराळी. पण तो साज पुढें चालविण्यासारखा खासच नव्हता. हाडांच्या ओळीनें क्लिंगॉन हे पृथ्वीवरील कोणत्याही मानववंशाचें विडंबन राहिले नाहींत, आणि पुढें १९८७ पासूनच्या दुसऱ्या मालिकेंत मायकेल डॉर्न यांनीं रंगविलेला वॉर्फ हा क्लिंगॉन मानी, सच्चा आणि प्रेक्षकांचा लाडका होऊं शकला. जुन्या रूपाशीं निष्ठा ठेवावी खरी, पण जुन्या रूपांतील प्रत्येक गोष्ट निष्ठेला पात्र असते असें नव्हे.

वाद कदाचित् येथेंच शांत झाला असता. १९९४ सालीं ‘डीप स्पेस नाइन’ या तिसऱ्या मालिकेनें कॉर आणि त्याचे दोन समकालीन क्लिंगॉन सेनानी वृद्धावस्थेंत परत आणले. नटही तेच तिघे, आणि तिघांच्याही कपाळांवर आतां उंचवटे. कोणी कांहीं विचारलें नाहीं, कोणी कांहीं सांगितलें नाहीं. रॉडनबेरी यांच्या मतावर जणूं शिक्कामोर्तब झालें. पण दोनच वर्षांनीं त्याच मालिकेनें मूळ मालिकेच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त एक भाग रचला. त्यांत नव्या मालिकेचीं पात्रें कालप्रवास करून १९६७ च्या एका जुन्या विनोदी भागांत शिरतात. जुनीं चित्रें आणि नवे नट इतक्या कौशल्यानें एकत्र सांधले होते, कीं वॉर्फ आणि सपाट कपाळाचे जुने क्लिंगॉन एकाच खाणावळींत येणें अपरिहार्यच झालें. सोबती चकित होऊन वॉर्फकडे पाहतात. हे क्लिंगॉन आहेत? मग हें काय? कोणी म्हणतो बीजांत कृत्रिम फेरफार झाला असेल, कोणी म्हणतो कसली तरी सांथ आली असेल. वॉर्फ अवघडून एवढेंच सांगतो, कीं तें लांबण आहे आणि परक्यांपाशीं त्याची चर्चा आम्ही करीत नसतों.

या उत्तरानें दोन्ही तट सारखेच हंसले, आणि तें योग्यच होतें. सतरा वर्षांचा बोचणारा प्रश्न लेखकांनीं पात्राच्या तोंडून कबूल केला. उत्तर मात्र दिलें नाहीं. क्लिंगॉनांचा अभिमानी स्वभाव, त्यांची लाज, बाहेरच्यांविषयींचा त्यांचा तुटकपणा, हें सारें त्या एका नकारांत आलें. इतक्या थोडक्यांत इतकें काम करणारा दुसरा खुलासा या साऱ्या कथाप्रपंचांत क्वचितच सांपडेल.

मात्र हसूं ओसरल्यावर त्या उत्तराचा एक परिणाम उरला. ‘लांबण आहे’ असें म्हटलें, म्हणजे कांहींतरी घडलेलें आहे असें मान्य केलें. रंगभूषेचा तट त्या क्षणीं हरला. आणि घडलेलें आहे, तर तें सांगावयास कोणी तरी निघणारच. तो योग २००५ च्या फेब्रुवारींत आला. कर्कच्या शंभर वर्षें आधींच्या काळांत घडणाऱ्या ‘एंटरप्राइज’ या मालिकेनें दोन भाग खर्चून कोडें सोडविलें. मानवांनीं पूर्वीं बीजसंस्कारानें अतिमानव निर्माण केले होते. त्यांचीं बीजें मिळवून क्लिंगॉन आपले सैनिक बलवान करूं पाहतात. प्रयोग फसून घातक सांथ पसरते. आणि फ्लॉक्स नांवाचा वैद्य तिच्यावर जो उपाय काढतो, त्यानें लक्षावधींचे प्राण वाचतात, पण कपाळें सपाट होतात आणि मुलांतही तीं तशींच उतरतात. १९९६ मधील दोन्ही तर्क, बीजांतील फेरफार आणि सांथ, येथें एकत्र खरे ठरविले आहेत, ही लेखकांची गंमतीदार दक्षता.

हें उत्तर चोख आहे, यांत वाद नाहीं. आपलें रूप गमावलेल्या योद्ध्यांची मानखंडना त्यांत थोडी दिसतेही. तरीपण पाहणाऱ्यास राहून राहून वाटतें, कीं येथें कथेसाठीं खुलासा नसून खुलाशासाठीं कथा आहे. शिवाय दुर्दैव असें, कीं ती मालिका बंद होणार असल्याची घोषणा त्याच महिन्यांत होऊन चुकली होती. ज्यांना हें उत्तर हवें होतें ते मोजके प्रेक्षक अखेरपर्यंत बसले होते. इतरांना प्रश्नच ठाऊक नव्हता.

कपाळाहून बिकट प्रश्न पंचांगाचा आहे. १९६७ च्या फेब्रुवारींतील एका भागांत असें सांगून ठेवलें आहे, कीं अतिमानवांचीं महायुद्धें १९९० च्या दशकांत झालीं. तें दशक आलें, गेलें, युद्धें झालीं नाहींत. ‘भविष्याचा इतिहास’ लिहिणाऱ्यावर हा प्रसंग येणारच. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्‌स’ या २०२२ पासूनच्या मालिकेनें २०२३ सालीं त्यावर तोड काढली: कालप्रवाशांच्या ढवळाढवळीनें घटना पुढें ढकलल्या गेल्या, घडणार त्या घडणारच. २००९ च्या चित्रपटानें तर यापूर्वींच सरळ कल्पभेदाचा आश्रय केला होता. भूतकाळांत गेलेल्या एका यानामुळें काळाला दुसरी शाखा फुटली. तेथें सारेंच निराळें, आणि जुनें जेथल्या तेथें शाबूत. पुराणिकांचा उपाय शेवटीं उपयोगी पडला तो असा.

२०१७ च्या सप्टेंबरांत सुरू झालेल्या ‘डिस्कव्हरी’नें मात्र यांपैकीं कोणताच आडोसा घेतला नाहीं. ही कथा कर्कच्या काळाच्या जेमतेम दहा वर्षें आधींची, आणि त्याच कल्पांतली, असें तिच्या कर्त्यांनीं स्पष्ट सांगितलें. पण पडद्यावरचे क्लिंगॉन केशहीन, लांबट कवटीचे, चार नाकपुड्यांचे, आणि जाड मुखवट्यांखालीं नटाचा भाव हरवून गेलेले असे होते. क्लिंगॉन साम्राज्यांत चोवीस घराणीं आहेत, तेव्हां वैचित्र्य असणारच, असें समर्थन करण्यांत आलें. पण विचित्र दिसणाऱ्यांत निदान एक तरी ओळखीचा चेहरा उभा केला असता, तर त्या समर्थनाला जोर आला असता. या खेपेस उसळलेल्या रागांत अतिरेक पुष्कळ होता, कित्येकांचे बोल असभ्यही होते, आणि त्यांचें समर्थन करतां येणार नाहीं. तरी रागाच्या मुळाशीं असलेली तक्रार खोटी नव्हती. अर्धशतकाचें पारायण केलेल्यांना ‘हें तेंच जग आहे’ असें सांगावयाचें, आणि त्यांच्या आठवणींतील खूण मात्र एकही ठेवावयाची नाहीं, असा तो व्यवहार होता. २०१९ सालीं त्या क्लिंगॉनांच्या डोक्यांवर पुन्हां केस आले. युद्धकाळापुरतें त्यांनीं मुंडण केलें होतें, असा खुलासा मिळाला. २०२३ मध्यें ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्‌स’मध्यें ते दिसले, तेव्हां कपाळावर जुने परिचित उंचवटे होते. या वेळीं मात्र कोणी कांहींच खुलासा केला नाहीं, आणि कोणी तो मागितलाही नाहीं.

आश्चर्य हें, कीं ज्या ‘डिस्कव्हरी’नें चेहरे पार बदलून टाकले, तिनेंच क्लिंगॉनांची भाषा कसोशीनें सांभाळली. १९७९ च्या चित्रपटांत जे मोजके क्लिंगॉन शब्द उच्चारले जातात, ते जेम्स डूहान या नटानें बसविले होते. केवळ कानाला कठोर लागावे, एवढाच हेतु. १९८४ च्या चित्रपटासाठीं मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञांवर पुरी भाषा रचण्याचें काम आलें, तेव्हां त्यांनीं तेच शब्द प्रमाण मानून त्यांवर व्याकरण उभें केलें आणि १९८५ सालीं कोश छापला. चित्रीकरणांत एखादा नट चुकीचा उच्चार करी आणि दिग्दर्शक तो तसाच ठेवी. अशा वेळीं ओक्रँड नटाला दुरुस्त न करतां भाषेलाच मुरड घालीत. २०१७ चे अनोळखी क्लिंगॉन तीच भाषा लांब लांब संवादांत बोलतात. डोळे मिटून ऐकणाऱ्यास ते निःसंशय क्लिंगॉनच वाटतील!

मूळ एंटरप्राइजची चित्रीकरणासाठीं केलेली सुमारे ११ फुटी प्रतिकृति १९७४ सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेस देण्यांत आली. तेथें तिची अनेकदां डागडुजी झाली. १९९० च्या दशकाच्या आरंभींच्या एका डागडुजींत तिच्यावर ज्या ठळक रेघा आणि छटा चढविल्या गेल्या, त्यांवरून चाहत्यांत पुन्हां तोच वाद माजला. पुढें संस्थेनें तिचा कायमचा जीर्णोद्धार हातीं घेतला, तेव्हां पहिला प्रश्न हाच आला, कीं खरी एंटरप्राइज कोणती? कारण चित्रीकरण चालू असतांनाही तिच्यांत वेळोवेळीं फेरफार झालेले होते. शेवटीं १९६७ च्या ऑगस्टांतील रूप खरें मानावयाचें ठरलें. आणि तें रूप नेमकें कसें होतें, हें ठरविण्यासाठीं संस्थेनें २०१५ सालीं लोकांनाच आवाहन केलें: जुनीं छायाचित्रें, जुन्या फिती असतील तर पाठवाव्या. ज्यांच्या चिकित्सेला लोक हसत आले होते, त्यांच्याच संग्रहाची गरज संग्रहालयाला पडली. थाळीच्या वरच्या अंगावर मूळचा रंग शिल्लक होता. त्यावरून बाकीची छटा जुळविली गेली. २०१६ सालीं ती प्रतिकृति संग्रहालयाच्या मुख्य दालनांत, खऱ्याखुऱ्या विमानांच्या आणि अवकाशयानांच्या पंक्तींत मांडण्यांत आली. तिची उजवी बाजू दिवे, खिडक्या, अक्षरें यांनीं सजलेली आहे. डाव्या बाजूनें विजेच्या तारा आंत नेलेल्या होत्या. म्हणून मालिकेसाठीं तिचें चित्रण उजव्या अंगानेंच होत असे, आणि डावें अंग पहिल्यापासून अपुरें ठेवलेलें होतें.